शिट्टी थांबली की

माझी गाडी निळी आहे. रिव्हर्स गिअर टाकला की समोरच्या स्क्रीनवर जी गाडी उमटते ती मात्र पांढरी असते. घेतल्यापासून पाच-सहा महिने रोज बघत होते, पण हा फरक माझ्या ध्यानात आला नव्हता. आला तो अण्णांच्या. दिवाळीसाठी ते कराडहून आले होते. शेजारच्या सीटवर बसले होते आणि मी आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन खांबांच्या मधे गाडी मागे घेत होते. स्क्रीनवर नेहमीचं दृश्य होतं, जणू छतावर बसून कोणी खाली बघतंय. मधे गाडी, भोवती फरशी, पिवळे पट्टे, खांबांचे बुंधे. अण्णा बराच वेळ बघत राहिले.

"ही आपली गाडी नाही," ते म्हणाले. "आपली निळी आहे."

"ते नुसतं चित्र आहे, अण्णा. मधली गाडी काढलेली असते. भोवतीचं खरं असतं."

"मग आपल्या गाडीखाली काय आहे ते कुठे दिसतं?"

"ते नाही दिसत."

"आणि वरून बघतंय कोण?"

वरून कोणीच बघत नाही. चार कॅमेरे असतात. एक पुढे जाळीपाशी, एक मागे नंबर प्लेटच्या वर, आणि दोन बाजूच्या आरशांच्या पोटाशी, खाली तोंड करून. प्रत्येकाची भिंग माशाच्या डोळ्यासारखी फुगीर, जवळजवळ अर्धं वर्तुळ एका नजरेत घेणारी. त्या चार वाकड्यातिकड्या प्रतिमा सरळ करून, फरशीवर अंथरून, कडांना एकमेकींना जोडून गाडीतला संगणक ते 'वरचं' दृश्य शिवतो. गोधडीसारखं. मधे भोक उरतं तिथे कंपनीने दिलेलं गाडीचं चित्र ठेवतो. निस्सानने २००७ साली ही सोय गाड्यांमध्ये आणली तेव्हा ती महागड्या गाड्यांपुरती होती. आपल्याकडे बलेनोसारख्या गाड्यांतून ती मध्यमवर्गीय घरातही आली. लोक तिला 'थ्री-सिक्स्टी कॅमेरा' म्हणतात. नावामुळेच आपली समजूत होते की आता सगळीकडचं दिसतं.

हे सगळं मी अण्णांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "काही दिसत नसेल तेव्हा हा काय करतो?"

त्या वेळी मला प्रश्नाचा रोख कळला नाही.

अण्णा अठ्ठावीस वर्षं एसटीत वाहक होते. एसटी स्टँडवर बस फलाटाला नाक लावून उभी राहते, म्हणजे निघताना ती आधी मागे घ्यावी लागते. मागे काय असतं? धावत येणारे प्रवासी, भुईमुगाच्या शेंगा विकणारी बाई, बोचकं घेऊन बसलेले आजोबा, सुटं झालेलं पोर. चालकाला यातलं काहीच दिसत नाही. तेव्हा वाहक खाली उतरतो, मागे जाऊन उभा राहतो आणि शिट्टी वाजवतो. लहानपणी मी सुट्टीत त्यांच्याबरोबर फेरीला जायचे आणि मागच्या काचेतून त्यांना बघायचे. एक हात वर, तोंडात शिट्टी, नजर कधी बसवर तर कधी मागच्या गर्दीवर.

माझी इतकी वर्षं समजूत होती की शिट्टी म्हणजे 'थांबा'. त्या संध्याकाळी चहा पिताना अण्णांनी ती दुरुस्त केली. त्यांची आणि त्यांच्या चालकांची ठरलेली रीत उलटी होती. शिट्टी वाजतेय तोवर येत राहा. शिट्टी थांबली की थांबा. "कारण मी पडलो, मला कोणी धक्का दिला, मला ठसका लागला, तर शिट्टी आपोआप बंद होणार. गाडी थांबली पाहिजे ती तेव्हाच." आणि दुसरा नियम, उभं कुठे राहायचं याचा. बसच्या बरोबर मागे कधीच नाही. चालकाच्या आरशात आपलं तोंड दिसेल अशा कोनात. आरशात चालकाचा चेहरा आपल्याला दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही.

मी कप खाली ठेवला. माझ्या गाडीतला सेन्सर याच्या नेमका उलट वागतो. काही आडवं आलं तर टूं टूं करतो, काही नसेल तर गप्प. पण बंद पडला, चिखलाने माखला, तरीही गप्पच. बऱ्याच गाड्या बिघाडाची सूचना देतात, पण बारीक सळई, लोंबती तार, मऊ कापडाचा ढीग किंवा बंपरच्या पातळीखालचा दगड त्याच्या आवाक्यातच नसतो. त्याला तो बिघाड समजत नाही, कारण त्याच्या दृष्टीने तिथे काही नाहीच. त्याच्या शांततेचा अर्थ मी 'या, या' असा घेत होते. कॅमेऱ्याचंही तेच. स्क्रीनवर फरशी मोकळी दिसली की पाय ब्रेकवरून सैल व्हायचा.

आणि याची किंमत मी आधीच मोजली होती. गणपतीच्या आधी एका अरुंद गल्लीत गाडी मागे घेत होते. मागे एक छोटा टेम्पो उभा होता, त्यातून लोखंडी सळया बाहेर आल्या होत्या, टोकाला लाल फडकं बांधलेलं. गल्लीत वळले तेव्हा ते फडकं मी पाहिलंही होतं. पण रिव्हर्स टाकला आणि नजर स्क्रीनच्या वरच्या दृश्यावर खिळली. टेम्पोची चाकं अजून लांब होती, मधे चांगली चार-पाच हात जमीन मोकळी होती. सेन्सरही शांत होता. मग मागची काच फुटल्याचा आवाज आला. मागच्या सीटवर त्या दिवशी कोणी नव्हतं. हे वाक्य मी आजही सहज लिहू शकत नाही, कारण एरवी तिथे माझी मुलगी बसते.

काच बदलून झाली, पण सळया त्या चित्रात का नव्हत्या हे मला कळलं नव्हतं. कळलं ते भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, पार्किंगमध्ये.

अण्णांच्या डोक्यातून तो पांढऱ्या गाडीचा विषय गेला नव्हता. सकाळी त्यांनी घरातून बादली, खराटा, प्लास्टिकची खुर्ची, तेलाचा रिकामा डबा आणि खडू खाली नेला. "तू आत बस. हँडब्रेक ओढ. इंजिन लावू नकोस. मी एकेक वस्तू ठेवतो, तू दिसते का सांग." तळमजल्यावरचा चार वर्षांचा मुलगा, ज्याला आम्ही सगळेच छोट्या म्हणतो, किल्ल्याची माती हाताला तशीच घेऊन धावत आला. पार्किंगच्या कोपऱ्यात पोरांनी प्रतापगड केला होता आणि त्याचं काम अजून चालूच होतं. अण्णांनी त्यालाही सामील करून घेतलं.

बादली गाडीच्या मागे ठेवली. दिसली, पण बादलीसारखी नाही. तळ जागच्या जागी आणि वरचा काठ गाडीपासून लांब ताणलेला, जणू कोणी ओढून धरलाय. खराटा उभा धरला तर तो फरशीवर आडवा पडलेला दिसला, मागच्या भिंतीपर्यंत लांब. अण्णा स्वतः उभे राहिले तर त्यांची चप्पल नीट दिसली, त्यापुढे पाय, धोतर, मग सगळं लांबत लांबत चित्राच्या बाहेर. डोकं नव्हतंच.

मी खाली उतरले, अण्णांनी खिशातून टॉर्च काढला आणि नंबर प्लेटजवळच्या कॅमेऱ्यापाशी धरला. सकाळी पार्किंगमध्ये अंधारच असतो. बादलीची सावली फरशीवर पडली. तळापासून सुरू होऊन गाडीपासून दूर पसरलेली. स्क्रीनवर जी लांबट बादली दिसत होती, तीच ही.

तिथे मला ते यंत्र समजलं. ते समजतं की जग म्हणजे सपाट फरशी आहे. प्रत्येक कॅमेरा म्हणजे एक दिवा धरा. वस्तूची फरशीवर जिथे सावली पडेल, तिथे संगणक त्या वस्तूचं चित्र रंगवतो. म्हणून वस्तू जिथे जमिनीला टेकते तेवढी जागा खरी. त्याच्या वरचं सगळं ताणलेलं. खांबाचा बुंधा कुठे आहे ते चित्र अचूक सांगतं, त्याच खांबाला छातीच्या उंचीवर बसवलेली विजेची पेटी किती पुढे आलीय ते सांगत नाही. आणि जी वस्तू दिव्यापेक्षाही उंचावर आहे तिची सावली फरशीवर पडतच नाही, ती वरच्या वर निघून जाते. कॅमेरा कमरेच्या आसपास. सळया छातीच्या उंचीला. वरच्या दृश्यात त्या येणं शक्यच नव्हतं. शेजारच्या साध्या मागच्या दृश्यात त्या असणार, पण टोकं थेट कॅमेऱ्याकडे रोखलेली, त्यामुळे ठिपक्यांएवढ्या.

अण्णांनी तेव्हाच सांगितलं, "म्हणजे पायाकडे बघायचं याने, डोक्याकडे आपण."

मग कोपरे. छोट्याला हे सर्वांत आवडलं. तो गाडीभोवती चालत होता, मी आतून ओरडत होते, "दिसतोस, दिसतोस." डाव्या दाराजवळ दिसला, आरशाखाली दिसला, आणि पुढच्या डाव्या कोपऱ्याशी आला तसा गेला. पूर्ण नाही. मातीने भरलेल्या दोन चपला राहिल्या आणि वर काही नाही. आणखी अर्धं पाऊल पुढे टाकलं तसा पुढच्या कॅमेऱ्याच्या हद्दीत एकदम पुन्हा उमटला. तो पुन्हा मागे गेला, पुन्हा नाहीसा झाला. त्याच्यासाठी जादू होती. माझे हात गार पडले.

याचंही उत्तर टॉर्चनेच दिलं, आता दोन टॉर्च घेऊन. कोपऱ्यातल्या वस्तूच्या दोन सावल्या पडतात. पुढच्या कॅमेऱ्यामुळे पडणारी सावली बाजूला जाते, बाजूच्या कॅमेऱ्यामुळे पडणारी पुढे. संगणकाने मधे शिवण घातलेली असते: या बाजूचं चित्र याचं, त्या बाजूचं त्याचं. पुढच्याची सावली जाते बाजूच्याच्या हद्दीत, तिथे ती खोडली जाते. बाजूच्याची जाते पुढच्याच्या हद्दीत, तीही खोडली जाते. उरतो तो फक्त जमिनीला टेकलेला ठिपका. काही गाड्यांत शिवणीवर दोन्ही प्रतिमा पातळ करून मिसळतात, तिथे वस्तू भुतासारखी दुहेरी दिसते. पण शिवण प्रत्येक गाडीत असते, चारही कोपऱ्यांवर. अण्णांनी चारही ठिकाणी खडूने रेघ ओढली.

शेवटी छोट्याचा चेंडू घरंगळत गाडीखाली गेला. स्क्रीनवर तो पांढऱ्या गाडीच्या कडेशी आला आणि तिच्या खाली लुप्त झाला. पांढरी गाडी तशीच, चकचकीत. छोट्या चेंडू आणायला वाकला, तसा अण्णांनी त्याला दंडाला धरून मागे घेतलं. गाडी बंद होती, हँडब्रेक ओढलेला होता, मी आत नुसती बसले होते. तरीही. "गाडीत कोणी बसलेलं असेल तर गाडीखाली हात घालायचा नाही. कधीच नाही." ते त्याच्याशी इतक्या कडक आवाजात बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. नंतर मी उतरून खराट्याने चेंडू काढला.

या कॅमेऱ्यांच्या जाहिरातीत गाडीला ओरखडा न येता पार्क होणं दाखवतात. मला ते खटकतं. अमेरिकेत गाडीमागे कॅमेरा सक्तीचा होण्यामागे बंपर नव्हता, एक दोन वर्षांचा मुलगा होता. न्यू यॉर्कच्या लाँग आयलंडवर २००२ साली वडील घरासमोर गाडी मागे घेत होते, मुलगा मागे आला होता, दिसला नाही. तो गेला. वडील स्वतः बालरोगतज्ज्ञ. त्यांनी आणि त्यांच्यासारख्या इतर पालकांनी पाठपुरावा केला आणि २००८च्या फेब्रुवारीत त्या मुलाच्याच नावाने, कॅमरन गल्ब्रान्सन याच्या नावाने, कायदा झाला. प्रत्यक्ष सक्ती यायला आणखी दहा वर्षं लागली. १ मे २०१८पासून तिथल्या प्रत्येक नव्या छोट्या वाहनाला मागचा कॅमेरा लागतो. गाडीमागची दहा फूट रुंद, वीस फूट लांब जागा त्यात दिसली पाहिजे, आणि रिव्हर्स टाकल्यापासून दोन सेकंदांत दिसली पाहिजे. हा नियम करताना तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याने मांडलेला अंदाज होता की मागे येणाऱ्या वाहनांखाली वर्षाला सुमारे २१० माणसं मरतात, आणि त्यातली जवळपास एक तृतीयांश पाच वर्षांखालची मुलं. त्यानंतरचा मोठा गट सत्तरीच्या पुढच्या म्हाताऱ्यांचा. म्हणजे छोट्या आणि अण्णा.

आपल्याकडे १ जुलै २०१९पासून तयार होणाऱ्या मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे झाले. चांगलं झालं. कॅमेराही चांगलाच आहे. मी तो बंद करून ठेवलेला नाही, उलट आता जास्त नीट वापरते. खांबाचा बुंधा, फुटपाथची कड, पट्ट्यापासून चाक किती लांब, हे त्याच्याइतकं चांगलं मला मान वळवून कधीच कळलं नसतं. फक्त त्याला काय विचारायचं ते आता ठाऊक आहे.

गाडीत बसण्याआधी मी गाडीला एक प्रदक्षिणा घालते. देवळातली नव्हे, पण तितक्याच मनाने. चारही कॅमेऱ्यांच्या भिंगांवरून मऊ फडकं फिरवते. पावसाळ्यात मागच्या भिंगावर एक थेंब बसला तरी त्यामागे अख्खी सायकल लपते. चाकांच्या आत वाकून बघते, कारण थंडीत मांजरं गरम इंजिनाच्या उबेला येतात. मग बसते, रेडिओ बंद, दोन्ही बाजूच्या काचा खाली. कानांनी जे कळतं ते कॅमेऱ्याला कळत नाही. आरसे उघडलेत ना ते बघते, कारण मिटलेल्या आरशाचा कॅमेरा भलतीकडेच तोंड करून असतो. दार किंवा डिकी अर्धवट उघडी असेल तरी तेच.

गाडी हलतेय तोवर नजर आरशांवर आणि खांद्यावरून मागे, स्क्रीनकडे फक्त ओझरती. स्क्रीन नीट बघायची असेल तर ब्रेक दाबून, गाडी पूर्ण थांबवून. यात घाई करण्यासारखं काही नसतं. स्क्रीनवरचं चित्र प्रत्यक्षापेक्षा क्षणभर मागे असतं, आणि पळतं पोर क्षणभरात बरंच अंतर कापतं. स्टिअरिंग पूर्ण वळवून मागे येताना गाडीचं नाक विरुद्ध बाजूला फेकलं जातं. सगळं लक्ष मागच्या पिवळ्या रेघांवर असतं आणि घासतं ते पुढे. म्हणून मधेच एकदा पुढच्या कोपऱ्याकडे बघायचं, डोळ्यांनी. त्या रेघाही सपाट जमीन धरून आखलेल्या असतात. आमच्या तळघराच्या उतारावर, मागे चढ असेल तर चढावरची वस्तू असते त्यापेक्षा लांब वाटते. डिकीत सामान भरून गाडी मागून बसली असेल तरी हिशेब चुकतो.

एकदा एका दुचाकीने डावा आरसा तोडला. गॅरेजवाल्याने नवा बसवून दिला, कॅमेऱ्यासकट, आणि गाडी हातात दिली. दोन दिवसांनी मला दिसलं की पार्किंगचा पिवळा पट्टा चित्रात डाव्या शिवणीवर तुटतोय. पुढे एका जागी, बाजूला वीतभर सरकून. फरशीवर पट्टा सरळच होता. म्हणजे कॅमेरा जुळवलेला नव्हता. हे जुळवायला गाडीभोवती काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या चटया अंथरून संगणकाला पुन्हा शिकवावं लागतं, आणि ते सांगून करून घ्यावं लागतं. आरसा, बंपर, डिकीचं दार, यांतलं काहीही खोलून बसवलं की सरळ पट्ट्यावर गाडी उभी करून शिवणी तपासा. मी न तपासता दोन दिवस चालवली, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

अण्णा तुळशीचं लग्न उरकून कराडला परत गेले. खडूच्या रेघा झाडलोटीत दोन दिवसांत पुसल्या गेल्या. पण जाण्याआधी त्यांनी छोट्याला लिफ्टशेजारची दगडी पायरी दाखवली होती. ती त्याची जागा. निळी गाडी निघत असेल किंवा येत असेल तर आधी पायरीवर जाऊन बसायचं, आणि ताईने हाक मारली की तिथूनच ओ द्यायची. गाडी पार जाईपर्यंत उतरायचं नाही. मला वेगळं सांगितलं. "ओ आली तरच गाडी हलवायची."

तेव्हापासून रोज सकाळी पावणेआठला मी काचा खाली करते आणि हाक मारते, "छोट्या, कुठे आहेस?" "पायरीवर!" असा आवाज येतो. मग मी रिव्हर्स टाकते, स्क्रीनवर पांढरी गाडी उमटते, आणि आम्ही निघतो.

गेल्या गुरुवारी मी हाक मारली. आरशात पायरीचा अर्धाच भाग दिसत होता, तो रिकामा होता. स्क्रीनवर चारही बाजूंनी फरशी स्वच्छ होती. सेन्सर शांत होता. मी पुन्हा हाक मारली. ओ आली नाही.

मी गाडी बंद केली, किल्ली काढली आणि खाली उतरले.